अभिप्रायपत्र अडीच महिन्यांनी भरताना : शिक्षक-प्रशिक्षणाच्या नियोजनकर्त्यांना खुले पत्र

प्रति,
शिक्षक-प्रशिक्षणाचे आराखडे आखणारे अधिकारी, घटकसंच (प्रशिक्षणाची पाठपुस्तिका) लिहिणारे तज्ज्ञ आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण देणारे सर्व सुलभक यांस

विषय : 'वर्गातील तंत्रज्ञान' या दहा दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाविषयी, ते संपून अडीच महिने झाल्यानंतर

सप्रेम नमस्कार.

शासकीय पत्राच्या रिवाजाप्रमाणे विषयाखाली संदर्भाची ओळ यायला हवी होती आणि तिच्यात एखाद्या परिपत्रकाचा क्रमांक व दिनांक असायला हवा होता. परंतु मी ज्याच्या संदर्भाने लिहीत आहे, त्याची नोंद कोणत्याही जावक नोंदवहीत सापडणार नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मी आपण आखलेले प्रशिक्षण पूर्ण केले, प्रमाणपत्र घेतले, पूर्वचाचणीपेक्षा उत्तरचाचणीत पुष्कळ अधिक गुण मिळवले आणि शाळेत परत आले. त्यानंतर वर्गात काय घडले, हे मला आजवर कोणी विचारलेले नाही. शेवटच्या दिवशी भरून घेतलेल्या अभिप्रायपत्रात 'प्रशिक्षण किती उपयुक्त वाटले' या प्रश्नापुढे मी 'अत्यंत उपयुक्त' या पर्यायावर खूण केली होती. ती खूण खोटी नव्हती, पण परतीच्या बसची वेळ झालेली असताना, एकही पाठ घेऊन न पाहता, त्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक असणे शक्यच नव्हते. आता ते थोडेफार ठाऊक झाले आहे, म्हणून ते पत्र पुन्हा एकदा, जरा सविस्तर, भरते आहे.

माझी शाळा जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका आदिवासी वाडीत आहे. पहिली ते चौथीचे वर्ग, पट सत्तावीस, शिक्षक दोन. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत माझ्याकडे असतात. उन्हाळ्यात मुले घरच्यांबरोबर हिरडा गोळा करायला रानात जातात, जुलैत भाताची आवणी (लावणी) लागली की वरच्या वर्गातली मुले धाकट्यांना सांभाळायला घरी थांबतात, आणि पाऊस जोराचा असेल तर वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसतो. लोकवर्गणीतून घेतलेला एक मोठा टीव्ही शाळेत आहे. ज्या खोलीचे छत गळत नाही त्या खोलीत तो ठेवला आहे, म्हणजे पहिली-दुसरीच्या वर्गात. हे गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. राज्यातल्या हजारो द्विशिक्षकी शाळांची परिस्थिती थोड्याफार फरकाने हीच आहे, आणि प्रशिक्षणात शिकलेली प्रत्येक गोष्ट शेवटी अशाच एखाद्या खोलीच्या दारातून आत यायची असते.

प्रशिक्षणाला आम्ही साठ जण होतो. त्यांत एक बाई आठ महिन्यांच्या बाळाला आणि बाळाला सांभाळायला सासूबाईंना बरोबर घेऊन आल्या होत्या; निवासी प्रशिक्षणाच्या नियोजनात अशा शिक्षिकेसाठी एक स्वतंत्र खोली धरायला हवी, एवढे जाता जाता नोंदवून ठेवते. पहिला दिवस पूर्वचाचणी, खाती उघडणे आणि विसरलेले पासवर्ड शोधणे यांत गेला. दुसऱ्या दिवशी मराठी टंकलेखन होते, आणि वेळापत्रकात त्याला फक्त पाऊण तास दिलेला होता. माझ्या मते तो या दहा दिवसांतला सर्वांत चुकीचा हिशेब होता.

झाले असे की आमच्यातल्या एका ज्येष्ठ शिक्षिकेने स्वतः तयार केलेल्या प्रश्नपत्रिका आणि स्वाध्याय पेन ड्राइव्हमध्ये भरून आणले होते. सात-आठ वर्षांचे काम होते ते. त्यांनी ते मोठ्या हौसेने प्रशिक्षण केंद्राच्या संगणकावर उघडले, तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची नुसती खिचडी उमटली. त्यांना वाटले की फाइली खराब झाल्या. प्रत्यक्षात त्यांनी सारे कृतिदेव या टंकात (फॉन्टमध्ये) लिहिले होते, आणि त्या संगणकावर तो टंक नव्हता. अशा जुन्या टंकांत मराठी अक्षर मराठी म्हणून साठवलेले नसते. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे चढवलेली असतात, आणि टंक काढून घेतला की चित्रे उतरतात व खालची निरर्थक अक्षरे उघडी पडतात. युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतपद्धतीत 'क'ला 'क' म्हणूनच स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे तो कोणत्याही यंत्रावर 'क'च राहतो. तसे पाहिले तर भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट हा प्रमाणित कळफलक १९९१ पासून आहे आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तरीही साठ शिक्षकांपैकी निम्म्याहून अधिक जणांना आपण रोज कशात लिहितो हे सांगता आले नाही. मीही त्यांतलीच होते. सुलभकांनी त्या दिवशी वेळापत्रक बाजूला ठेवले आणि रात्रीच्या जेवणानंतर त्या बाईंचे स्वाध्याय युनिकोडमध्ये रूपांतरित करून दिले. काही जोडाक्षरे तुटली, ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ झाले, ते त्यांनी आणि आम्ही चौघींनी बसून दुरुस्त केले. पुढच्या आठ दिवसांत कितीतरी चकचकीत साधने आम्ही पाहिली, परंतु त्या बाई आजही फोनवर बोलतात ते त्या रात्रीबद्दल, कारण त्या रात्री तंत्रज्ञान त्यांच्या स्वतःच्या कामाला लागले होते.

यानंतरचे दोन दिवस मी पटकन ओलांडते. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षणसंशोधकांनी २००६ मध्ये मांडलेली तीन वर्तुळांची आकृती, म्हणजे विषयाचे ज्ञान, शिकवण्याचे ज्ञान आणि तंत्राचे ज्ञान जिथे एकमेकांवर येतात ती जागा, आम्हाला चार वेगवेगळ्या तासिकांमध्ये चार वेळा दाखवण्यात आली. आकृती चांगली आहे. तिच्या मुळाशी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांचा १९८६ मधला विचार आहे : विषय येणे वेगळे, तो मुलांना कसा समजेल हे समजणे वेगळे, आणि शिक्षकाचे खरे ज्ञान ते हे दुसरे. एवढे एक वाक्य नीट सांगून आम्हाला कामाला लावले असते तर चालले असते. त्याऐवजी वर्तुळांची नावे पाठ झाली आणि उत्तरचाचणीत ती बरोबरही आली.

पाचवा दिवस मात्र वेगळा होता, आणि हे पत्र मुख्यतः त्या दिवसामुळे लिहिले जात आहे. त्या दिवशीच्या सुलभक बाईंनी आम्हाला लॅपटॉप उघडू दिले नाहीत. त्यांनी प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि सांगितले की चौथीतला अपूर्णांक हा एकच घटक घ्या आणि तुमच्या वर्गातली मुले त्यात नेमकी कुठे चुकतात ते लिहा. पहिली दहा मिनिटे आम्ही 'मुलांना अपूर्णांक कठीण जातात' यापलीकडे काही लिहू शकलो नाही. मग हळूहळू बाहेर यायला लागले. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, असे विचारले की मूल ठामपणे एक चतुर्थांश म्हणते, कारण चार तीनपेक्षा मोठा. चित्रातले तीन भाग असमान असले तरी मूल एका भागाला एक तृतीयांशच म्हणते, कारण त्याने फक्त भाग मोजलेले असतात. आणि कोल्हापूरकडच्या एका गुरुजींनी लिहिले की दुकानातून पाव किलो साखर आणि अर्धा लिटर तेल बिनचूक आणणारी मुलगी फळ्यावर १/४ पाहिले की गोंधळते, कारण तो तिच्या ओळखीचा पाव आहे हे तिला कोणी सांगितलेलेच नाही. आपल्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे रोजच्या वापरातले शब्द आहेत. आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ केले होते. तो साठा मुलांच्या घरात अजून शिल्लक आहे आणि आम्ही तो शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवतो, हे त्या दिवशी माझ्या पहिल्यांदा लक्षात आले. त्यात संगणकाचा काहीही संबंध नव्हता.

चुकांची यादी झाल्यावरच दुपारी त्यांनी जिओजेब्रा उघडायला सांगितले. हे मोफत गणिती साधन मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये तयार करायला घेतले, आणि आमच्यातल्या बहुतेकांनी त्याचे नाव केवळ ऐकलेले होते. एक आयताकृती पट्टी काढायची, तिचे समान भाग करायचे आणि भागांची संख्या पडद्यावरच्या एका सरकपट्टीला (स्लायडरला) जोडायची. सरकपट्टी दोनवरून बारापर्यंत नेली की पट्टी तेवढीच राहते आणि तुकडे डोळ्यांदेखत बारीक होत जातात. छेद वाढला की भाग लहान होतो, हे वाक्य मी पंधरा वर्षे फळ्यावर लिहीत आले. ते घडताना मी स्वतः प्रथमच पाहिले. त्यावर आमच्यात चांगला वाद झाला. एका गुरुजींचे म्हणणे होते की कागदाच्या पट्टीला घड्या घालूनही हेच दाखवता येते आणि त्याला वीज लागत नाही. त्यांचे निम्मे खरे होते. कागदाची घडी मुलाच्या हातात असते, दोन, चार, आठ भाग त्याला स्वतः करता येतात, आणि असमान घडी पडली की 'समान' या शब्दाचा अर्थ त्याला बोटांनी कळतो. पडद्यावरचे भाग नेहमीच अचूक समान पडत असल्यामुळे ही चूक तिथे होतच नाही, म्हणून तिथे ती शिकवताही येत नाही. परंतु पाच, सात, अकरा अशा भागांच्या घड्या चौथीच्या मुलाला घालता येत नाहीत, आणि एकामागून एक दहा छेद झरझर बदलताना दिसणे कागदावर अशक्य आहे. संध्याकाळपर्यंत आम्ही असे ठरवले की आधी कागद, मग पडदा, आणि पडद्यानंतर पुन्हा वहीत चित्र. एका घटकाच्या एका पाठासाठी साठ शिक्षकांनी अख्खा दिवस घालवला होता. वेळापत्रकाच्या दृष्टीने कदाचित ती चैन असेल.

सातव्या दिवशी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून प्रश्नपत्रिका काढून घेण्याचे प्रात्यक्षिक झाले. वेळ वाचतो, हे मान्य करायलाच हवे. वीस तोंडी उदाहरणे अर्ध्या मिनिटात मिळाली. त्यातल्या चौथ्या उदाहरणात सफरचंदाच्या 'पाय' या विलायती गोड पदार्थाचे सहा समान तुकडे केलेले होते. आमच्या वाडीत सफरचंद आजारी माणसासाठी आणतात, आणि पाय म्हटले की मुले चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहतील. भाकरी लिहून घ्या, असे सुलभकांनी हसत सांगितले आणि आम्ही भाकरी लिहून घेतली. पण मराठी वाक्यरचनेचे जे लहानसहान दोष त्या उदाहरणांमध्ये होते, ते तपासायला किती वेळ लागतो याची मोजदाद प्रात्यक्षिकात नव्हती.

आता शाळेत परतल्यानंतरचे सांगते. पहिले तीन आठवडे मी जिओजेब्रा उघडलेच नाही. प्रवेशोत्सव, पुस्तकवाटप, गणवेश, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरण्याची कामे यांत जून संपला. चौथ्या आठवड्यात टीव्हीच्या खोलीत दोन्ही वर्ग एकत्र बसवून पाठ घ्यायचे ठरवले, तर वीज नव्हती. दुसऱ्या खेपेला वीज होती, पण माझा लॅपटॉप त्या टीव्हीला जोडण्याची तार प्रशिक्षणात वापरलेल्या तारेपेक्षा वेगळी लागत होती. तिसऱ्या खेपेला सारे जुळले आणि मुलांना पाठ आवडला. पण पाठ संपल्यावर माझ्या लक्षात आले की मी सरकपट्टी इतक्या वेगाने सरकवली होती की मुलांना तुकडे लहान होताना दिसण्याऐवजी फक्त काहीतरी हलताना दिसले. या क्षणी मला पाचव्या दिवशीच्या सुलभक बाई मागच्या बाकावर हव्या होत्या. प्रशिक्षणाच्या गटावर मी प्रश्न टाकला. तोपर्यंत तो गट वाढदिवसाच्या शुभेच्छांना लागला होता. तीन अंगठे आले, उत्तर आले नाही.

आणखी एक कबुलीही द्यायला हवी. जुलैत अनेकदा मी चौथीला गोष्टीचा व्हिडिओ लावून दिला आणि तेवढ्या वेळात तिसरीची वजाबाकी घेतली. त्या दिवसांच्या पाठटाचणात 'तंत्रज्ञानाचा वापर' या रकान्यात मी 'होय' लिहिले आहे. रकान्याची समजूत घालण्यापुरते ते खरे आहे.

ज्या एका गोष्टीने माझे शिकवणे बदलले, ती प्रशिक्षणात केवळ चहाच्या सुट्टीआधी सांगितली गेली होती. आपल्या फोनमधल्या ध्वनिमुद्रकावर प्रत्येक मुलाचे एक मिनिटाचे वाचन दर पंधरवड्याला मुद्रित करा आणि घरी शांतपणे ऐका, एवढेच. त्याला आंतरजाल लागत नाही, टीव्ही लागत नाही, वीज रात्री आली तरी चालते. मी ते केले. तिसरीतली एक मुलगी 'पाणी'ला 'पानी' आणि 'कोण'ला 'कोन' वाचते, म्हणून गेल्या वर्षी दुसरीत तिच्या नावापुढे वाचनात मागे असल्याची नोंद झाली होती. तिचे मुद्रण दोनदा ऐकल्यावर कळले की ती एकही अक्षर चुकवत नाही, कुठेही अडखळत नाही, विरामचिन्हाला थांबते. ती डोळ्यांनी 'ण' वाचते आणि तोंडाने घरचा उच्चार करते. तिचे वाचन वर्गातल्या सर्वांत चांगल्या वाचनांपैकी आहे. उलट ज्याला आम्ही उत्तम वाचक समजत होतो, तो मुलगा पाठ पुस्तकात न पाहता म्हणत होता. मुद्रणात त्याने एक ओळ गाळली आणि पुढची ओळ पान उलटण्याआधीच म्हटली. समोर दोन वर्गांची मुले असताना शिक्षकाच्या कानाला हे पकडता येत नाही. फोनने ते मला पुन्हा ऐकायला दिले.

मात्र या मुद्रणांचे काय करायचे, ती किती दिवस ठेवायची, कोणाला ऐकवायची, यावर दहा दिवसांत एक शब्द झाला नाही. उलट प्रशिक्षणानंतरचे 'पुरावे' म्हणून आमच्याकडून वर्गातल्या मुलांची छायाचित्रे आणि चित्रफिती मागवण्यात आल्या आणि त्या गटावर टाकायला सांगण्यात आले. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हा मूळ नियम आहे. शाळांसाठी सवलती आणि अपवाद असू शकतील, ते तज्ज्ञांनी सांगावेत; पण सांगावेत तरी. मी माझ्यापुरते ठरवले आहे की मुद्रण फोनबाहेर जाणार नाही आणि पंधरवड्याने पुसले जाईल. त्या मुलीच्या आईला ते मी ऐकवले, कारण ऐकण्याचा पहिला हक्क तिचा होता.

हे सारे लिहिताना मला माझी स्वतःची चौथी आठवते. १९८४ मध्ये पुण्यात मुलांसाठी शैक्षणिक दूरचित्रवाणी कार्यक्रम तयार करणारी बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली होती आणि आमच्या शाळेतही एक टीव्ही आला होता. कार्यक्रम थांबवता येत नसे, मागे नेता येत नसे. आमच्या बाई कार्यक्रम संपल्याबरोबर टीव्ही बंद करून त्यावर कापड टाकत आणि विचारत, 'आता यातले काय खरे वाटले नाही, ते सांगा.' तो प्रश्न त्यांना कोणत्या प्रशिक्षणात शिकवला होता, की त्यांचा त्यांनीच काढला होता, मला माहीत नाही. पण कार्यक्रमांतले आज काहीच आठवत नाही आणि तो प्रश्न आठवतो. १९८७ मध्ये प्राथमिक शाळांना किमान साहित्य पुरवणारी खडू-फळा मोहीम आली, २००१ पासून संगणक-साक्षरतेचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम आला, २०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि त्याच्या मागेपुढे 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द रूढ झाला, २०१७ च्या शिक्षकदिनी दीक्षा हे शैक्षणिक साहित्याचे ऑनलाइन व्यासपीठ सुरू झाले आणि २०२० मध्ये शाळा बंद पण शिक्षण चालू ठेवायची वेळ आली. त्याच २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद पडली. प्रत्येक वेळी जे साधन नवे असते त्याचेच नाव प्रशिक्षणाला मिळते, आणि साधन जुने झाले की प्रशिक्षणही जुने होते. अपूर्णांक मात्र तेव्हाही चौथीत होता आणि आजही आहे.

प्रशिक्षणाच्या उद्घाटनाला आपण रणजितसिंह डिसले गुरुजींची चित्रफीत दाखवली होती. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या या शिक्षकाला ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांत वाटली, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. चित्रफितीनंतर आम्हाला क्यूआर कोड तयार करायला शिकवले गेले. पण कोड तयार करणे दोन मिनिटांचे काम आहे. परितेवाडीत त्याच्याआधी एक मोठे काम झाले होते : मुलांची घरची भाषा कानडी आहे हे ओळखून पुस्तकातला मजकूर त्यांच्या भाषेत आणला गेला होता. कोड त्या मजकुराकडे नेणारी वाट होता. ही पहिली पायरी आमच्या घटकसंचात नाही, दुसरी आहे.

माझी विनंती त्यामुळे अगदी साधी आहे, आणि तिला एक रुपयाचाही जादा निधी लागणार नाही असे मला वाटते. दहा दिवसांपैकी सहाच दिवस जूनमध्ये ठेवा आणि त्यांत साधनांची संख्या निम्म्याने कमी करून प्रत्येक दिवस पाचव्या दिवसासारखा, एखाद्या घटकापासून आणि मुलांच्या चुकांपासून, सुरू होऊ द्या. उरलेले चार दिवस जुलै ते जानेवारीमध्ये पसरा. ते केंद्रातल्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या) शाळांमध्ये, चालू वर्गात, खऱ्या मुलांसमोर व्हावेत. एका शिक्षकाने पाठ घ्यावा, केंद्रातल्या चार-पाच जणांनी आणि एका सुलभकाने मागे बसून मुलांकडे पाहावे (शिक्षकाकडे नको) आणि नंतर तासभर बोलावे. केंद्राच्या शिक्षण परिषदा आजही दरमहा होतात. त्यांतल्या चार परिषदांत सूचना वाचून दाखवण्याऐवजी हे करता येईल. सूचना गटावर पाठवता येतात, पाठ पाठवता येत नाही.

यावर तासांचा प्रश्न येईल, हे मला कळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे सुचवले आहे, आणि तास मोजायचे तर हजेरीपत्रक आणि प्रमाणपत्र सोपे पडते. पण हजेरी मोजणाऱ्या पद्धतीत काय होते, हे आम्ही शिक्षक चांगले जाणतो. एका ऑनलाइन प्रशिक्षणाच्या वेळी मी स्वयंपाक करताना फोन ओट्यावर ठेवून चित्रफिती आवाज बंद करून संपवल्या आहेत, आणि शिक्षक-कक्षात मी एकटीच तशी नव्हते. तेही तास माझ्या नावावर जमा आहेत. मागच्या बाकावर बसून सहकाऱ्याचा पाठ पाहिलेला तास मात्र कोणत्याही प्रणालीत भरता येत नाही, कारण त्यासाठी रकानाच नाही. तो रकाना आपण उघडावा.

साहित्याबद्दल एकच गोष्ट. समग्र शिक्षा योजनेतून ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपयांचे संयुक्त अनुदान असते, आणि खडूपासून दुरुस्तीपर्यंत व वीजबिलापर्यंत सारे त्यात बसवायचे असते. तेव्हा प्रशिक्षणात जे साधन दाखवाल, ते वीज नसताना, आंतरजाल नसताना आणि एकच फोन असताना किती चालते, हेही त्याच तासिकेत दाखवा. दीक्षावरचे साहित्य आधी उतरवून ठेवता येते, ही गोष्ट मला प्रशिक्षणात नव्हे, तर शेजारच्या वाडीतल्या तरुण शिक्षकाकडून कळली.

अपूर्णांकाचा पाठ मी पुन्हा घेणार आहे. आवणी उरकल्यामुळे आता पट भरलेला असतो. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारच्या जेवणानंतर, आधी कागदाच्या घड्या, मग सरकपट्टी, आणि या वेळी ती सरकवायला चौथीतली एक मुलगी पुढे येईल. हात तिचा असेल म्हणजे वेग वर्गाचा राहील, असा माझा अंदाज आहे. तो चुकतो की बरोबर ठरतो, हे पाहायला आपल्यापैकी कोणी यावे. जुन्नरहून सकाळची एसटी घेतली तर फाट्यापासून अर्ध्या तासाची चाल आहे, छत्री आणावी. मागच्या बाकाची एक फळी निखळली आहे, म्हणून भिंतीकडच्या बाजूला बसावे लागेल.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
द्विशिक्षकी शाळा, तिसरी व चौथी